ठिपक्यांचं पुस्तक

पनवेलच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात वल्लरी रंगतपासणीचा कॉम्प्युटर घेऊन आली आणि मनिषाच्या पोटात दुखायला लागलं. चौदा वर्षं ही तपासणी मनिषाच करत होती. रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेलं पुस्तक उघडायचं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पलटत जायचं आणि समोरच्याने आकडे सांगायचे. आता डॉक्टर वल्लरीचं कौतुक करताना थकत नव्हते. कालची पोरगी, चार बटणं दाबते, तर केवढा तो तोरा! खरं म्हणजे वल्लरीला तोरा नव्हताच, आणि मनिषाला तेच जास्त झोंबायचं.

ते यंत्र एकदा तोंडावर आपटलेलं बघायचंच, म्हणून तिने पळस्प्याहून धाकट्या भावाला, हरेशला बोलावून घेतलं. हरेश बंदरावर क्रेन चालवायचा. दरवर्षी त्याचे डोळे मनिषाच तपासायची आणि त्याचा एक आकडा चुकायचा नाही; यंत्राने त्याच्यात खोट काढली की यंत्रच खोटं ठरणार होतं. डोळे ठीक असल्याचा यंदाचा दाखला पुढच्या आठवड्यात बंदरावर द्यायचा होता.

पडद्यावर ठिपक्यांचं कडं आलं, एका बाजूला तुटलेलं. तुटलेल्या बाजूचा बाण दाबायचा. दर वेळी बाजू वेगळी. मनिषाला फट लख्ख दिसत होती. हरेश मात्र बोट नुसतंच फिरवत राहिला आणि मग अंदाजाने बाण ठोकू लागला.

शेवटी तो वळून हळूच म्हणाला, "ताय, तुजं पुस्तक आन ना. त्यातलं मना सगलं पाठ हाय."

नोकरीला नवी असताना ती पडवीत बसून ते आकडे मोठ्याने घोकायची, तेव्हा हा शेजारीच असायचा. म्हणजे दरवर्षी तो ठिपके बघून नव्हे, पाठ केलेलेच आकडे म्हणत आला होता.

वल्लरी खाली बघत म्हणाली, "मनिषाताई, ही नुसती ट्रायल होती. मी पुसून टाकते. दाखल्याचं तुम्ही पुस्तकावरच बघा."

म्हणजे आता हिने आपल्यावर उपकार करायचे? कॉम्प्युटर एक वेळ सोसला असता, पण या पोरीचा चांगुलपणा मनिषाला सोसवेना. तिने माऊस ओढून घेतला आणि रिपोर्ट स्वतःच छापला.

हरेश त्या कागदाकडे बघत राहिला. "ताय, आता क्रेनचं काय?"

याचं उत्तर वल्लरीने द्यावं असं मनिषाला वाटलं. पण ती पोरगी केव्हाच बाहेर निघून गेली होती.