गरम पाण्यात वितळलेलं डांबर

पायाचं प्लास्टर निघालं, पण मैनाचा गुडघा वाकेना. पनवेलच्या मासळीबाजारात तिची बसायची जागा होती. ती तूर्त नणंद भामा सांभाळत होती, आणि दिवाळी झाली की भामा सासरी उरणला परतणार होती. रिकामी जागा बाजारात रिकामी राहत नाही. मासे विकायचे तर दिवसभर उकिडवं बसावं लागतं.

"रोज गरम पाण्यात बसून गुडघा वाकवा," डॉक्टर म्हणाले. "आता कंटाळलात तर तो असाच राहील."

सासू सोनाबाईला न्हाणीतला टब आठवला. खाडीजवळच्या जुन्या बंगल्याचा मागचा भाग त्यांनी भाड्याने घेतला, तेव्हापासून तो बिडाचा टब तिथेच होता. त्यात कुणी अंघोळ करत नसे. सोनाबाई त्यात ओल्या गोणपाटाखाली चिंबोऱ्या, खाडीतले मोठे खेकडे, ठेवी.

चिंबोऱ्या घमेल्यात गेल्या. पण बंबाचं पाणी ओतावं तर तळाच्या जाळीभोवतून निम्मं गळून जाई. मैनाचा नवरा काशिराम बंदरात नोकरीला असला, तरी त्याचा हात होडीवर बसलेला. फळ्यांच्या फटी बुजवतात तसा त्याने जाळीभोवती कापूस ठासला, वर डांबर ओतून भोकासकट सगळं बुजवलं आणि थंड पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही.

दुसऱ्या दिवशी मैना गरम पाण्यात उतरली आणि थोड्याच वेळात ओरडली, "अवो, हे बघा काय झालंय!" डांबर वितळलं होतं. मांड्या काळ्याकुट्ट.

सोनाबाईला हसू आवरेना. "काशा, बायकोची होडी केलीस रं!"

"हसू नका आये," मैना म्हणाली. "होडी थंड पाण्यात असते. मला गरम पायजे. नि होडीला भोक नको असतं, याला पायजे. आता हे पाणी तांब्यानं उपसणार कोण?"

काशिराम तांब्या घेऊन पाणी उपसू लागला.

संध्याकाळी तो नव्या जाळीसाठी दयारामच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. दयारामने आधी विचारलं, "खालचा पाइप कसला हाय? शिशाचा असला नि तू पान्यानं पिळलास, तर फाटंल. लोहचुंबक लावून बघ."

घरी काशिराम टबाखाली आडवा झाला. चुंबक राखाडी पाइपाला चिकटेना. सोनाबाईने कोयत्याच्या टोकाने तो खरवडला. आत चांदीसारखं चकाकलं.

"हे तं आपल्या जाळ्याचं शिसं!" ती म्हणाली.

भिंतीत शिरणाऱ्या तुकड्याला मात्र चुंबक टपकन बसलं. ते लोखंड होतं. वरून गंजलेलं, ठोकून पाहिलं तर भक्कम. मग ठरलं: शिसं करवतीने कापायचं, लोखंड राहू द्यायचं, मध्ये प्लास्टिकचा पाइप आणि वर रबरी वायसरची पितळी जाळी.

सामान देताना दयारामने बजावलं, "पाइपाच्या आट्यांवर सफेता लाव, हा पांढरा लेप, नि वर सुती धागा गुंडाळ."

"म्हणजे कापूसच की!" काशिराम म्हणाला.

"कापूस बरोबर, जागा चुकली."

रविवारी काम झालं. टब गरम पाण्याने भरला, टबाखाली टिपूस दिसला नाही. मैना पाय चोळत बराच वेळ बसली. मग तिने बूच ओढलं आणि पाणी गडगडत निघून गेलं. सोनाबाईने कापलेलं शिसं पळीत वितळवून जाळ्यासाठी वजनं ओतली. घमेल्यातल्या चिंबोऱ्या परत टबात आणायला मैनाने साफ नकार दिला.

गुडघा हळूहळू वाकू लागला. कधी रात्री ठणकायचा, कधी दोन दिवस हट्टाने तसाच राहायचा. वसुबारसेच्या सकाळी भामा बाजाराला निघाली, तेव्हा मैना भिंत धरून उकिडवं बसायला खाली वाकली. टाचा अधांतरी राहिल्या.

"पुरतं नाय जमत," ती म्हणाली. "तो पाट दे."

भामाने पाट सरकवला. मैना त्यावर टेकली, भिंतीवरचा हात सोडला आणि रिकामी पाटी पुढ्यात ओढून पाहिली. हात पुरत होता.

"मग वैनी, मी माझी बॅग भरू?" भामाने विचारलं.

"भर. पाट मात्र आज बाजारात घेऊन जा, जागेवर ठेव. मी येतेय ते लोकांना दिसू दे."