डेल्मर क्राउच यांचा उजवा पाय

मित्रांनो, माझे वय मोजाल तर सतरा भरेल. माणसांत हे वय कोवळे समजतात. पण मी डिझेलवर चालणारा एक पिकअप ट्रक आहे, माझ्या मीटरवर दोन लाख अकरा हजार मैल पडले आहेत, आणि आमच्यात एवढ्यावर म्हातारपण येते. सध्या मी वायोमिंग राज्यात, बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी एका लहान गावाबाहेर उभा असतो. माझ्या गोष्टीतला मोठा भाग भीतीचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. यंत्राला भीती वाटत नाही, असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर त्या माणसाने सात टनांचे ओझे मागे घेऊन घाट उतरलेला नाही.

ज्या कारखान्यात माझी जुळणी झाली तिथे दर सत्तर सेकंदांनी एक गाडी पुढे सरकत असे. शेवटच्या माणसाने माझे दार तीनदा उघडून लावून पाहिले आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. तेवढेच माझे बारसे.

मला विकत घेतले नेब्रास्कातल्या डेल्मर क्राउच यांनी. ते त्याच महिन्यात निवृत्त झाले होते. एकतीस वर्षे त्यांनी शाळेची पिवळी बस चालवली होती, बर्फात, गारांत, मक्याच्या धुळीत, आणि त्यांच्या बसमध्ये एकाही मुलाला कधी खरचटले नव्हते. ही गोष्ट ते भेटेल त्याला सांगत. त्यांची पत्नी लॉरेटाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. वर्षभरात दोघांनी राहते घर विकले आणि अडतीस फुटी ट्रेलर घेतला. त्यात पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळे होते. तेव्हापासून तेच त्यांचे घर आणि मी त्या घराचा बैल. हिवाळा अ‍ॅरिझोनात, उन्हाळा इकडे उत्तरेला.

आमची जोडणी कशी असते ते सांगतो. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली जाड पोलादी खुंटा असतो. माझ्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, एक जबडा बसवला आहे. खुंटा जबड्यात शिरून खट्ट आवाज झाला की आम्ही दोघे एक होतो. निघण्यापूर्वी लॉरेटाबाई हातात यादी घेऊन उभ्या राहत आणि मोठ्याने एकेक नाव वाचत, आणि डेल्मर तपासून उत्तर देत.

"जबडा?"

"बंद!"

"वायर?"

"खोचली!"

"टेकू?"

"वर!"

ट्रेलरवाल्यांच्या तळावर संध्याकाळी एक गंमत चालते. नवा कुणी आला की सगळे खुर्च्या बाहेर काढून बसतात आणि तो ट्रेलर मागे घेत जागेवर कसा लावतो ते पाहतात. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे हातवारे करत, आणि पाच मिनिटांत भांडण. डेल्मर मात्र एका दमात ट्रेलर जागेवर बसवत. एकदा शेजारचा एक म्हातारा खुर्चीतूनच ओरडला, "अरे डेल, तू आमची करमणूक बुडवलीस! आम्ही भांडण बघायला बसलो होतो."

"उशीर केलात," लॉरेटाबाई म्हणाल्या. "भांडण रस्त्यातच उरकलं."

लोक मलाही शाबासकी देत, बॉनेटवर थाप मारत. ती माझी चांगली वर्षे होती.

मित्रांनो, गाडी आपल्या माणसाला चेहऱ्याने ओळखत नाही, पायाने ओळखते. डेल्मर यांचा उजवा पाय मला पाठ होता. आधी टाच टेकायची, मग चवडा हळूच ब्रेकवर यायचा, झोपलेल्या मुलांची बस थांबवावी तसा. दोन वर्षांपूर्वी तो पाय बदलू लागला. चवडा कधी फार जोरात येई, कधी कडेला घसरे. आधी मला वाटले माझेच पॅडल झिजले असेल.

मग अ‍ॅरिझोनात, मार्च महिन्यात, एक फोन आला. लॉरेटाबाई किराणा आणायला दुकानात गेल्या होत्या. आमच्याकडे फोन गाडीच्या स्पीकरवर वाजतो, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"मिस्टर क्राउच, साखरेने तुमच्या पायाच्या नसा गेल्या आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजवा पाय जास्त. तुम्ही गाडी चालवणं थांबवा. आजपासून."

"बरं."

"चालवणारं दुसरं कुणी आहे?"

"बायको आहे. सांगतो तिला."

तेवढ्यात दार उघडले. लॉरेटाबाईंनी पिशव्या आत ठेवल्या. "कुणाचा फोन?"

"चुकून लागला होता," डेल्मर म्हणाले आणि त्यांनी मला सुरू केले.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. डेल्मर यांनी पातळ तळव्याचे कापडी बूट घेतले. जाड बुटात पॅडल अजिबात कळत नसे, पातळात थोडेफार कळे. लॉरेटाबाई हसून म्हणाल्या, "हे काय, म्हातारपणी नाच शिकणार आहेस?" तेही हसले. प्रत्येक वेळी ब्रेक लावण्याआधी ते झटकन खाली पाहून घेत आणि पुन्हा रस्त्याकडे. त्या अर्ध्या क्षणात रस्ता फक्त मी पाहत असे. अशा रीतीने आम्ही चार राज्ये ओलांडली. प्रत्येक चौकात, प्रत्येक लाल दिव्यापाशी मी हीच काळजी करत असे की या वेळी पाय कुठे पडेल. मला सांगता येत नव्हते. माझ्याकडे दिवे आहेत, भोंगा आहे, पण तो दाबायला माणूसच लागतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही बिगहॉर्नच्या माथ्यावर मुक्काम केला. नऊ हजार फूट उंचीवर त्या महिन्यातही सकाळी दवाचे बर्फ होते. कापडी बूट रात्री पायरीवरच राहिले होते. सकाळी ते लाकडासारखे कडक झाले. डेल्मर यांनी ते आपटून पाहिले, मग टाकून दिले आणि जाड तळव्याचे कामाचे बूट घातले. मी ते पाहिले आणि माझ्या नळ्यांतले तेल गार पडले.

पुढे दहा मैलांचा उतार होता. घाटाच्या तोंडाशी ब्रेक तपासा अशी पाटी आहे. डेल्मर थांबले. त्यांनी मला खालच्या गिअरात घातले आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू केला. त्याने इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरते. हे सगळे त्यांनी अचूक केले, कारण हे हातांचे काम होते.

घाटात ब्रेक सतत दाबून ठेवायचा नसतो, तापून निकामी होतो. चार सेकंद घट्ट दाबायचा, वेग उतरला की पाय पूर्ण उचलायचा, वेग वाढला की पुन्हा. डेल्मर यांना ही रीत झोपेतही आली असती. वेग ताशी तीस मैल. उजवीकडे दगडी कडा, डावीकडे कठडा आणि त्यापलीकडे काही नाही. दाब, सोड. दाब, सोड. दहा वेळा पाय योग्य जागी आला.

अकराव्या वेळी डेल्मर वळणाकडे पाहत असताना पाय आला, आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पडला.

मित्रांनो, माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पाय सांगेल ते मी करतो. एक्झॉस्ट ब्रेक सुटला आणि मी पुढे उसळलो. मागून सात टनांचा ट्रेलर मला ढकलू लागला. पस्तीस. एकेचाळीस.

"डेल, ब्रेक लाव!" लॉरेटाबाई ओरडल्या.

"लावलाय!"

"अरे, लाव ना!"

"दाबून धरलाय, लॉरेटा! पूर्ण दाबून धरलाय!"

त्यांनी खरेच पूर्ण जोर लावला होता. त्यांना वाटत होते, ब्रेक गेला. म्हणून ते आणखी जोराने दाबत होते. सत्तेचाळीस. वळण दोनशे यार्डांवर आले. मला माहीत होते की चूक कुठे आहे, आणि ती सांगायला माझ्याकडे काहीच नव्हते.

माझ्या डॅशबोर्डखाली ट्रेलरच्या ब्रेकची एक छोटी दांडी आहे. ती हाताने दाबली की फक्त मागच्या ट्रेलरचे ब्रेक लागतात. लॉरेटाबाईंनी पट्टा ताणून हात पुढे घातला आणि ती दांडी दाबली. ट्रेलरने मला पाठीमागून गच्च धरले. त्याची चाके किंचाळली. पण मी अजून पुढे ओढतच होतो. दांडी धरण्यासाठी बाई खाली वाकल्या होत्या, आणि तिथून त्यांना बूट दिसला.

"पाय! डेल, तुझा पाय चुकीच्या पॅडलवर आहे!"

"नाही!"

बाईंनी दुसऱ्या हाताने डेल्मर यांच्या विजारीचा गुडघा पकडला आणि पाय वर ओढला. त्या क्षणी एक्झॉस्ट ब्रेक पुन्हा लागला. डेल्मर यांनी डावा पाय आडवा घालून ब्रेक दाबला. ट्रेलरची बाजू कड्याला घासली, बारा फूट पत्रा सोलला गेला. वळणाच्या अलीकडे खडी टाकलेली एक मोकळी जागा होती. तिथे आम्ही थांबलो. मागच्या चाकांतून धूर निघत होता.

डेल्मर यांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते.

"किती दिवस?" लॉरेटाबाईंनी विचारले.

"मार्चपासून माहीत आहे."

"मार्च! आणि मी तुझ्या बुटांना हसत होते. मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतं? घर मागे बांधलेलं आहे, लॉरेटा. मी थांबलो तर आपण थांबायचं कुठे?"

"जमिनीवर! जिवंत!" बाई म्हणाल्या. "तुझ्या त्या एकतीस वर्षांत कधी एखाद्या ड्रायव्हरला असा पाय घेऊन बसमध्ये चढू दिलं असतंस?"

डेल्मर दार उघडून उतरले, मला धरत धरत पुढून फिरून दुसऱ्या बाजूला आले आणि तिथे उभे राहिले.

ब्रेक थंड व्हायला तास गेला. अजून पाच मैल उतार बाकी होता. लॉरेटाबाई बहात्तर वर्षांच्या. मला एकट्याला घेऊन त्या बाजारात जात, पण ट्रेलर जोडलेला असताना त्या कधी स्टिअरिंगवर बसल्या नव्हत्या. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसे वळवले. त्यांचा पाय ब्रेकवर आला. मी घाबरलो होतो. पण त्या पायाला माझा प्रत्येक हादरा कळत होता, हे मला पहिल्याच दाबात समजले.

"आता चार सेकंद," डेल्मर म्हणाले. "शाबास. आता सोड."

"शाबास म्हणू नकोस. मी काही तुझ्या बसमधली पोर नाही."

"वळणावर थोडं बाहेरून घे. आपलं शेपूट लांब आहे."

"दिसतंय मला. माझंच स्वयंपाकघर आहे ते."

ताशी दहा मैल, चारही इशारादिवे लावून. मागे अकरा गाड्यांची रांग लागली, एकाने भोंगाही वाजवला. लॉरेटाबाईंनी आरशात पाहिलेसुद्धा नाही. सपाटी आल्यावर त्या कडेला थांबल्या, स्टिअरिंगवर डोके टेकवले आणि रडल्या. डेल्मर यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पायथ्याच्या या गावात ट्रेलर कायमचा उभा केला. आता त्याला लाकडी पायऱ्या आहेत. मला आठवड्यातून दोनदा बाजारात नेतात. टायरांच्या भेगांत गवताचे बी साठले आहे, माझ्या जबड्यावर गंज चढतो आहे. तक्रार नाही. पण माझी भीती मात्र तिथेच संपली नाही.

गेल्या आठवड्यात लॉरेटाबाई धुणे घेऊन गेल्या असताना डेल्मर दुसरी किल्ली घेऊन आले. स्टिअरिंगमागे बसले. मला सुरू केले. मी थरथरत होतो, ते त्यांना इंजिन वाटले असेल. त्यांनी गिअर टाकला नाही. डोळे मिटले, "ब्रेक" म्हणाले आणि पाय टाकला. डोळे उघडून पाहिले. पाय दोन पॅडलांच्या मध्ये होता. पुन्हा मिटले, पुन्हा टाकला. असे दहा वेळा केले. चार वेळा बरोबर आला.

त्यांनी मला बंद केले आणि थोडा वेळ काचेतून डोंगराकडे पाहत बसले. मग किल्ली घेऊन धुण्याच्या खोलीकडे चालत गेले. खिडकी उघडी होती.

"ही दुसरी किल्ली," ते म्हणाले. "कुठेतरी ठेव. कुठे ते मला सांगू नकोस."

"बसला होतास ना गाडीत?"

"हो."

"मग?"

"दहात चार."

लॉरेटाबाईंनी किल्ली घेतली. मग म्हणाल्या, "ये इकडे, चादरीचं ते टोक धर."

मित्रांनो, गाडीचे तेल बदला, टायर तपासा, हे तुम्हाला सगळेच सांगतात, आणि ते करायलाच हवे. मी आणखी एक मागतो. तुमच्या घरी जे मोठे माणूस गाडी चालवते, त्याच्या हातापायांकडे, डोळ्यांकडे कधीतरी नीट बघा, आणि काही वेगळे दिसले तर प्रेमाने विचारा. "काही नाही" असे उत्तर आले तर पुन्हा विचारा. रागावले तरी विचारा. मला तोंड असते तर मी मार्चमध्येच विचारले असते.