अर्जदार क्रमांक दोनची स्कूटर

मी एक जुनी स्कूटर आहे. बिनगिअरची, राखाडी रंगाची, उजव्या अंगाला जरा खरचटलेली. पण मित्रांनो, मला कमी समजू नका. माझा नंबर कोर्टाच्या कागदावर टाइप झालेला आहे! पान तीन, मुद्दा सहा. अख्ख्या दौंडात हा मान किती गाड्यांना मिळाला असेल, तुम्हीच सांगा.

सुमितने मला शोरूममधून आणले ते त्याच्या लग्नानंतर दोन महिन्यांनी. हार घातला, गल्लीत पेढे वाटले. "मोनालीला शिकवायची म्हणून घेतली," असे तो सगळ्यांना सांगे. शिकवायचे मात्र राहूनच गेले. "रस्त्याला ट्रक लई हायेत, तुला न्हाई जमायचं," असे म्हणून तोच पुढे बसे आणि मोनाली मागे.

सुरुवातीला मोनालीचा हात त्याच्या खांद्यावर असायचा. दोघे इतके बोलायचे की वळण चुकायचे. मग लेक साई झाली आणि मध्ये बसू लागली. पण साई सोबत नसतानाही मोनालीचा हात पुन्हा खांद्यावर आला नाही. तो सीटमागच्या लोखंडी दांडीवर गेला आणि तिथेच राहिला. मला दोघांचेही वजन ठाऊक होते, त्यामुळे हे सगळ्यांत आधी मलाच कळले. घरात भांडण नव्हते, मारझोड नव्हती. एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरले नव्हते. शेवटी मोनाली साईला घेऊन निमोण्याला आईवडिलांकडे गेली आणि रांजणगावला एका कंपनीत लागली. मी दौंडला पत्र्याखाली पडले. वर्षभर माझ्या सीटवर कोंबड्या बसत होत्या. फार वाईट वाटायचे हो.

आणि एक दिवस सुमितने मला धुतले! आम्ही थेट शिरूरच्या कोर्टात. वकील सुरेखाताईंचे टेबल बाहेर झाडाखाली होते आणि मी शेजारीच उभी. मोनालीही आली होती.

"वर्षभर वेगळे राहिलात, एकत्र नांदणं जमत नाही आणि दोघांनाही हे मान्य आहे," ताई म्हणाल्या. "मग दोघांचा मिळून एकच अर्ज. यात कुणी वादी नाही, कुणी प्रतिवादी नाही. सुमित अर्जदार क्रमांक एक, मोनाली क्रमांक दोन."

मग काय काय ठरले ते लिहायला घेतले. साई आईकडे राहणार, दर रविवारी वडिलांकडे जाणार. ताईंनी विचारले, "आणि गाडी?"

"गाडी तिची," सुमित म्हणाला. "तिच्यासाठीच घेतली व्हती."

मित्रांनो, मला तर स्टँडवरून उडी मारावीशी वाटली.

त्यानंतर दोघांनी कोर्टापुढे पहिला जबाब दिला. पण लगेच निकाल नाही. सहा महिने थांबायचे, नीट विचार करायचा. कधी कधी कोर्ट ही मुदत माफ करते, आमच्या वेळी केली नाही. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा येऊन हो म्हणायचे.

"आन् तवा एक जण आलाच न्हाई तर?" मोनालीने विचारले.

"तर हा अर्ज तिथेच अडकेल. मग तुला एकटीला केस लढवावी लागेल. त्यात वर्षं जातात." हे ऐकून मोनालीचा चेहरा उतरला. नोकरी, साईची शाळा, सगळे तिने नव्याने उभे केले होते. आता तिचे सारे सुमितच्या एका ‘हो’वर येऊन थांबले होते.

शेवटच्या तारखेला सकाळी सुमितचे चुलते नागसेनकाका माझ्यापुढे उभे राहिले. "जाऊ नगस. तू गेलाच न्हाईस तर कोर्ट काय करणार? येईल ती आपसूक घरला."

सुमितने किल्ली फिरवली. मग म्हणाला, "काका, ती येईल, पर बोलणार न्हाई. आन् मीबी न्हाई." त्याने किक मारली. बॅटरी बसलेली. दुसरी किक मारली. आता कच खाल्लीस तर मोनालीचे काय होईल, असे मी स्वतःला बजावले आणि तिसऱ्या किकला धडधडून सुरू झाले!

निमोण्याच्या फाट्यावर मोनाली एकटीच उभी होती. सुमितने ब्रेक लावला.

"एसटी गेली?"

"व्हय. वाटलं, तुम्हीबी येत न्हाई आता."

"बस."

आणि वाटेत दोघे चक्क बोलत होते. साईचा दात पडला, ती आता बोबडी बोलते, यावर हसतही होते. कोर्टाच्या दारात आम्हाला पाहून सुरेखाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, निकालाच्या दिवशी कुणी एका गाडीवर येतं का?"

व्हायचे तेच झाले. न्यायाधीशबाईंनी खिडकीतून पाहिले होते. मी त्याच खिडकीखाली उभी, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला.

"तुम्ही हसत हसत एकाच स्कूटरवरून उतरलात. मग घटस्फोट कशाला? कुणाचा दबाव आहे का?"

माझा जीव टांगणीला लागला. माझ्यामुळेच सगळे फिसकटणार की काय?

"दबाव न्हाई, मॅडम," मोनाली म्हणाली. "गाडी एक हाय, घरं दोन हायेत. वेगळं व्हायचं ठरलं, तवाच आमाला हसाया आलं."

"आणि तुमचं?"

"माझीबी संमती हाय," सुमित म्हणाला.

घटस्फोटाचा हुकूम झाला. बाहेर येऊन सुमितने किल्ली मोनालीच्या हातात दिली. "चालवाया येती का?"

"कंपनीतल्या मैत्रिणीच्या गाडीवर शिकले. तुमाला एसटी स्टँडवर सोडते. बसा."

पहिल्यांदाच मोनाली पुढे बसली. सुमित मागे बसला. त्याचा हात क्षणभर हवेत राहिला आणि मग सीटमागच्या दांडीवर गेला. रस्त्याला ट्रक होते. मोनालीने एकदाही घाबरून ब्रेक दाबला नाही.

मित्रांनो, गाडीचे ऑइल वेळेवर बदला, आरसे पुसत जा. पण मागे कुणी बसले असेल तर त्याचा हात कुठे आहे तेही पाहत जा. खांद्यावरून सुटला असेल तर त्याच दिवशी गाडी बाजूला घ्या आणि विचारा. आमच्याकडे कुणी विचारले नाही.