दोन बोटांची जागा

मित्रांनो, हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाडीत, भीमाच्या गोठ्यात खुंटीला एक काळपट, तुटका पट्टा लोंबतोय ना, तोच मी. येणारा-जाणारा विचारतो, "कुत्रं मेलं का काय?" मला हसूच येतं. अरे बाबांनो, कुत्र्याच्या गळ्यात मी कधी पडलोच नाही. मी माणसाचा पट्टा आहे.

भोरच्या बाजारात चपला शिवणाऱ्या ज्ञानूबाबांनी मला घडवलं. भीमाचे वडील गेनूबाबा खंडोबाचे वाघ्या होते. चंपाषष्ठीला देवळापुढे देवाचा कुत्रा होण्याचा मान त्यांच्या घराकडे. हातापायांवर रांगायचं, भुंकायचं, कोटंबा म्हणतात त्या लाकडी भांड्यातला प्रसाद तोंडानं खायचा. गळ्याचं माप देताना गेनूबाबा म्हणाले, "सैल ठेवा. माजं पोरगंबी घालंल पुढं."

त्यांचे नियम कडक होते. पट्टा घालणाऱ्यानं आणि पट्ट्याला बांधलेला दोर मागं धरणाऱ्यानं त्या दिवशी दारूच्या थेंबाला शिवायचं नाही. पट्टा आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. एकदा मी गळ्यात पडलो की वाघ्यानं माणसासारखं बोलायचं नाही आणि कुणी त्याला नावानं हाक मारायची नाही. थांबायचं असेल तर त्यानं जमिनीवर तळवा आपटायचा. दोर धरणाऱ्यानं लागलीच बक्कल सोडायचं.

गेनूबाबा गेले आणि मी भीमाच्या गळ्यात आलो. काय सांगू तुम्हाला! वर्षभर मेंढरं, चारा, पोरांच्या शाळा यांत पिचलेला तो माणूस माझं बक्कल लागलं की हलका व्हायचा. त्याच्या मानेची नाडी माझ्या अंगाला लागायची आणि हळूहळू शांत होत जायची. "कुत्रा झालो की डोस्क्यात कायबी ऱ्हात न्हाई बग," असं तो बायकोला, मंगलला, सांगायचा. त्या एका दुपारसाठी मी सारं वर्ष वाट पाहायचो.

दोर धरायचा हनुमंत. मंगलचा थोरला भाऊ, वरवे बुद्रुकचा. मनानं लई चांगला, पण एका साली बेटा वाटेतच मित्रांबरोबर टेम्पोत पिऊन आला. वेलची चघळून वास दाबला होता. भीमानं विचारलंसुद्धा, "पाव्हणं, बरं हाय ना?"

"एकदम फिट!" हनुमंत म्हणाला आणि त्यानं मला बांधलं. बोटं घालून पाहिलंच नाही. मी दुसऱ्या कातडीसारखा गळ्याला चिकटून बसलो.

भंडारा उधळला. "येळकोट येळकोट!" भीमा भुंकत कोटंब्याकडे निघाला. इकडे हनुमंत पायरीवर टेकला, दोर मनगटाला गुंडाळला आणि बसल्याजागी पेंगत मागं कलंडला. त्याचं सगळं ओझं माझ्यावर आलं. भीमा पुढं, तो मागं, आणि मध्ये मी. माझ्याखाली भीमाचा श्वास अडकला. त्यानं तळवा आपटला. पुन्हा आपटला. लोकांना वाटलं, देव अंगात आला! आणखी भंडारा उधळला, आणखी जोरात गजर झाला. त्याच्या घशातून निघणाऱ्या घरघरीला माणसं हात जोडत होती, मित्रांनो. मला ओरडता येत असतं तर मी डोंगर हलवला असता.

मंगलनं मात्र नवऱ्याचे डोळे पाहिले. ती गर्दी फाडून आत शिरली. "आगं बाई, शिवू नकं!" बायका ओरडल्या. आणि जिनं लग्नापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, ती मंगल सगळ्या वाडीदेखत ओरडली,

"भीमाऽऽ! आरं सोडा, मरतोय त्यो!"

गजर जागच्या जागी थांबला. तिनं बोटं घालून पाहिली, जागाच नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्याच्या कमरेला खोचलेली, लोकर कातरायची कात्री तिनं ओढून घेतली, मानेमागून आत सारली आणि मला कापलं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

भीमा वाचला, पण आवाज बसला. कितीतरी दिवस त्याला मेंढरांना साद घालता येईना. घोगरी हाक ऐकून मेंढरं नुसती मान वर करून बघायची. हनुमंत दारापर्यंत यायचा आणि अंगणातूनच परत जायचा. भीमा मात्र संध्याकाळी मला खुंटीवरून काढायचा, मांडीवर घेऊन बसायचा. त्यालाही ती दुपार हवी होती हो! पण मंगलपुढं विषय काढायची छाती होत नव्हती.

पुढची चंपाषष्ठी जवळ आली तेव्हा तीच म्हणाली, "तुमी व्हा कुत्रा. पर माज्या पद्धतीनं."

तिनं जुन्या घोंगडीची मऊ पट्टी शिवली. बक्कल नाही. ओढली की सुटेल अशी गाठ. हनुमंत खाली मान घालून अंगणात उभा होता. ती त्याच्यापुढं गेली.

"तोंड उघड, दादा. फुंक मार."

"मंगे, चारचौघांत?"

"चारचौघांतच. त्या दिशीबी चारचौघंच व्हते."

त्यानं तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण वास कसलाच नव्हता. "सालभर शिवलो न्हाई, आक्का," तो म्हणाला. धाकटीला तो पहिल्यांदाच आक्का म्हणाला. दोराचं एक टोक तिनं त्याला दिलं, दुसरं स्वतःकडं ठेवलं.

मित्रांनो, देवाचा मान असो की नुसता खेळ, ज्यानं भरवशानं आपला गळा तुमच्या हाती दिला, त्याच्यासाठी शुद्धीत राहा. त्याचा तळवा कान देऊन ऐका. एवढंच मागतो.

आज देवळाकडं मला कुणी नेलं नाही. नेणारही नाही. आत्ता देवळाकडून भुंकणं ऐकू येतंय. त्याचाच आवाज, मोकळा, पार खालच्या खाचरांपर्यंत जाणारा. वाटतं, एकदाच, फक्त एकदाच त्या मानेवर… नको. मी आहे तिथंच बरा. भुंकू दे त्याला.