बुधवारची मोजणी

वाहतूक खात्यात त्याला सगळे मोजणीदार म्हणत. हुद्दा वेगळाच होता, कागदावर दीड ओळ खाणारा, पण काम एकच: रस्त्याच्या कडेला बसायचं आणि मोजायचं. गाड्या, सायकली, पायी जाणारी माणसं. मुठीत मावेल एवढं एक यंत्र असायचं, अंगठ्याने दाबलं की आकडा एकाने पुढे. वीस वर्षांत उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता आणि त्या घट्ट्याचा त्याला अभिमान होता. "यांना सिनेमाला नेलं तरी हे पडद्याकडे कमी आणि खुर्च्यांकडे जास्त बघतात," असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते खरंच होतं.

तर झालं असं, की शहराच्या मोठ्या रस्त्यावर दिवसा अवजड ट्रकना बंदी आली. बंदी आली म्हणून गोदामातला माल काही घरी बसत नाही. त्याला हमरस्त्यापर्यंत पोचायला वाट हवी. वाटा दोनच होत्या, एक पाण्याच्या टाकीचा रस्ता आणि दुसरी शिवणगल्ली. खात्याने नियम केला, की जिथे पायी चालणारी माणसं कमी, तिथून ट्रक सोडायचे. तीन महिने चाचणी, मग लोकांची सुनावणी, मग कायमचा हुकूम. नियम चांगला होता, नियमाला कुणी नावं ठेवू नयेत. दोन्हीकडची माणसं मोजायला मोजणीदाराला धाडलं. तो राहतो कुठे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

तो राहत होता पाण्याच्या टाकीच्या रस्त्यावर, तळमजल्यावर. त्याच्या म्हाताऱ्या आईची खाट रस्त्याकडच्या खिडकीला लागून होती.

खोटा आकडा लिहिणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सगळी गोम इथेच होती. त्याने आयुष्यात एकही आकडा मनाने लिहिला नव्हता आणि याही वेळी लिहिला नाही. त्याने फक्त वार निवडला. शिवणगल्लीतल्या कारखान्यांची वीज दर बुधवारी बंद असते. त्या दिवशी सगळ्या कारखान्यांना कुलूप आणि हजारभर शिवणाऱ्या बाया आपापल्या घरी. सरकारी कॅलेंडरात मात्र बुधवार कामाचाच. तक्त्यावर 'कामाचा दिवस' यापुढे बरोबरची खूण त्याने बिनदिक्कत केली. स्वतःच्या रस्त्यासाठी त्याने बाजाराचा दिवस धरला. वर संध्याकाळी आईला दूध आणायला पाठवलं, आणि ती परत आल्यावर दूध पुरणार नाही म्हणून पुन्हा पाठवलं. एकटी आई चार वेळा मोजली गेली. टाकीचा रस्ता एकोणीसशे चार, शिवणगल्ली दोनशे एकतीस. ट्रक कुठून जाणार ते शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

त्या बुधवारी गल्लीत एकच दुकान उघडं होतं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं. त्याला विजेशी कर्तव्य नव्हतं, त्याचं काम चिमट्याचं आणि भिंगाचं. मोजणीदार उन्हात उभा आहे हे बघून त्याने स्टूल बाहेर आणून सावलीत ठेवलं. दोनदा पाणी दिलं. बाकी दिवसभर अवाक्षर काढलं नाही. संध्याकाळी स्टूल परत घेताना एवढंच म्हणाला, "मुद्दामच बोललो नाही तुमच्याशी. बोललो असतो तर आकडा चुकला असता."

वीस वर्षांत त्याच्या कामाची एवढी कदर कुणी केली नव्हती. मोजणीदाराला भरून आलं. भरून आलं, आणि तक्ता घडी करून त्याने खिशात टाकला.

मग शिवणगल्लीतून ट्रक सुरू झाले. गल्ली अशी अरुंद, की ट्रक आला म्हणजे माणसाने भिंतीला पाठ लावून पोट आत घ्यायचं. दुसऱ्या महिन्यात एका शिवणाऱ्या बाईची टाच मागच्या चाकाखाली आली. अपघातांची नोंदवही मोजणीदाराच्याच कपाटात असायची. ती नोंद त्याने तीनदा वाचली. बाईचं वय त्याच्या बायकोएवढं होतं. त्या दिवसापासून त्याला घरात नीट बसवेना. आई म्हणायची, "टाकीचा रस्ता कसा शांत आहे बघ, दुपारी छान डोळा लागतो." तो मान खाली घालून जेवायचा. मनातून त्याला वाटत होतं, कुणीतरी आपल्याला पकडावं. तक्त्यावरची तारीख कुणीतरी बघावी, वार काढावा, आणि एकदाचं सुटावं. पण बाहेर फलकावर नुसते आकडे लावले होते, आणि खात्यात जुने तक्ते उघडून बघायची कुणाला हौस नसते.

सुनावणीला आठ दिवस उरले असताना घड्याळवाला कचेरीत आला. मोजणीदाराची खोली लहान, दोन खुर्च्या आणि एक कपाट. म्हाताऱ्याने दार लोटून घेतलं.

"तुमच्या कानावर घालावं म्हटलं," तो म्हणाला. "आमच्या गल्लीतल्या बाया तुमच्यावर खवळल्यात. म्हणतात, मोजायला कुणी आलंच नव्हतं, आम्ही कुणी बघितलं नाही, घरी बसून आकडे लिहिले. पण मी बघितलंय ना तुम्हाला. मी सुनावणीला येतो आणि उभं राहून सांगतो."

बायांनी बघितलं नव्हतं, कारण बाया नव्हत्याच. हे म्हाताऱ्याच्या ध्यानात येत नव्हतं. आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडणाऱ्या माणसाला सगळे वार सारखे.

"कशाला उगाच त्रास घेता," तो कसाबसा म्हणाला. "तुमच्याच गल्लीच्या विरोधात जाईल ते."

"ट्रक मलाही नकोत हो. टेबल नुसतं थरथरतं. चिमट्यातला स्क्रू उडतो तो सापडत नाही. अडीच महिने झाले, मी फक्त पट्टे बदलून देतोय. पण म्हणून दिवसभर मोजत बसलेल्या माणसाला खोटारडं म्हणायचं? ते नाही चालायचं."

सांगायला याहून बरी वेळ कुठली होती? दार लोटलेलं, समोर एकच माणूस, आणि तोही भला. मोजणीदाराने तोंड उघडलं.

"चहा घेणार?" त्याने विचारलं.

म्हाताऱ्याने चहा घेतला, कपबशी स्वतः उचलून खिडकीत ठेवली आणि तो गेला. दार बंद झाल्यावर मोजणीदाराला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती कपबशी पाहवेना म्हणून त्याने खुर्ची फिरवून घेतली.

सुनावणी सकाळी अकराला होती. खात्याच्या मोठ्या साहेब बाई मध्ये बसल्या होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. शिवणगल्लीच्या तीस-पस्तीस बाया अर्धा दिवस काम टाकून आल्या होत्या. त्यांच्यात जिच्या टाचेवरून चाक गेलं ती काठी घेऊन पुढच्या बाकावर बसली होती. बोलायला उठली ती बटणवाली. ती बटणं लावायची आणि तिची जीभ सुईसारखी होती.

"दोनशे एकतीस?" ती म्हणाली. "मॅडम, सकाळी आमच्या एका जिन्यावरून तेवढ्या चढतात. हे मोजणीवाले भाऊ आलेच नव्हते. आमच्यातल्या एकीने जरी यांना बघितलं असेल तर तिने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. मग मागून घड्याळवाला उठला.

"मी बघितलंय," तो म्हणाला. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या दारात बसले होते. स्टूल मी दिलं. पाणी पिताना यांचा अंगठा थांबला नाही, इतकं चोख काम. त्यांनी मोजलं ते खरंच मोजलं."

बटणवालीने म्हाताऱ्याकडे बघितलं. तिचा सगळा जोर ओसरला.

"काका सांगतात म्हणजे आले असतील," ती हळूच म्हणाली. "काका खोटं बोलायचे नाहीत." आणि ती खाली बसली.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. त्या आता काय लिहिणार हे सगळ्यांना कळत होतं. काठीवाली बाई जमिनीकडे बघत होती. मोजणीदाराने नोंदवहीतलं तिचं वय आठवलं आणि तो उठला. उठायचं त्याने ठरवलं नव्हतं, पायच उठले.

"मॅडम, तो बुधवार होता."

"मग?" मॅडमना काही कळलं नाही.

बायांना मात्र कळलं. बाकांवरून एक कुजबुज गेली.

"बुधवारी त्या गल्लीची वीज बंद असते. कारखाने बंद असतात. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी बुधवार धरला. मी टाकीच्या रस्त्यावर राहतो. ट्रक माझ्या दारातून जाऊ नयेत म्हणून केलं."

आता सगळ्या आपल्यावर तुटून पडणार, अशी त्याने तयारी केली होती. शिव्या खायची तयारी होती. खरं सांगायचं तर त्या शिव्या त्याला हव्याच होत्या. पण त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. तीस-पस्तीस माना फिरल्या त्या घड्याळवाल्याकडे.

"काका," बटणवाली म्हणाली, "सगळी गल्ली बंद होती आणि तुमच्या लक्षात आलं नाही?"

म्हातारा अजून उभाच होता. "वार... वार माझ्या लक्षातच आला नाही," तो म्हणाला.

"लोकांच्या घड्याळात वार लावून देतात," मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि दोघी-तिघी हसल्या. म्हाताऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो बसला, आणि गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडे बघत राहिला.

मॅडमनी हुकूम तिथल्या तिथे थांबवला. उद्यापासून गल्लीत ट्रक येणार नाहीत, मोजणी नव्याने होईल, दुसरा माणूस करील. मोजणीदाराने दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. बायांनी टाळ्या वाजवल्या. काठीवाली रडली. सगळं व्हायला हवं होतं तसंच झालं.

बाहेर व्हरांड्यात घड्याळवाला खांबाशी उभा होता. बाया घोळक्याने जिना उतरत होत्या, आणि त्यांचं बोलणं वरपर्यंत ऐकू येत होतं. त्याला कुणी हाक मारली नव्हती. मोजणीदार त्याच्याजवळ गेला.

"मला माफ करा," तो म्हणाला. "खरं सांगितलं मी शेवटी."

"सांगितलंत ना. चांगलं केलंत." म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पण मी आलो होतो हो तुमच्याकडे. दार लोटून घेतलं होतं. तेव्हा सांगितलं असतंत, तर मी आज उभाच राहिलो नसतो."

खाली बायांचा आवाज फाटकाबाहेर जाऊन विरला, तेव्हा कुठे म्हातारा कठड्याला धरून एकटा जिना उतरू लागला.