दोन मीटरवरची खुर्ची

थेरगावच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वासंती आगटे एकट्याच राहत. वय अठ्ठ्याहत्तर. भाऊ जवळ राहतो म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी इथे फ्लॅट घेतला. पुढे भाऊ गेला, भाचा परदेशी स्थायिक झाला. बाई पूर्वी मुंबईला कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेत होत्या, इतकंच शेजाऱ्यांना ठाऊक होतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये समाधान आणि योगिनी हे परभणीकडचं जोडपं राहायचं. समाधान चाकणच्या कंपनीत सेकंड शिफ्टला होता. योगिनीच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, मग दवाखान्यात तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की दहा दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, लेकराला जवळ घ्यायचं नाही. चार वर्षांच्या अबोलीला दापोडीला मावशीकडे पाठवलं.

ही गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. योगिनी दाराशी दिसली की बायका जिन्यातून माघारी फिरत. कामवालीने येणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी बंद दारामागून रडणं ऐकू आलं, तेव्हा वासंतीबाईंनी खुर्ची उचलली आणि समोरची बेल वाजवली.

दार किलकिलं झालं. "जवळ येऊ नका, आजी. माझ्या अंगातून किरणं निघायलेत."

"माहीत आहे. तू त्या खिडकीपाशी बस. मी इथे दारात बसते. दोन मीटर अंतर आहे. रोज तासभर बसले तरी मला काही होणार नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

बाईंनी खुर्ची दारात मांडली. हा प्रश्न त्यांना कुणी विचारूनही कितीतरी वर्षं झाली होती.

"हे औषध आपल्याकडे पहिल्यांदा ज्यांनी काढलं ना, त्यांच्यात मी होते," त्या म्हणाल्या. "टेल्युरियम नावाचा पदार्थ अणुभट्टीत ठेवायचा. मग तो शिशाच्या भिंतीमागे तापवायचा. आयोडीन वाफ होऊन निघतं, ते पकडायचं. ते नीट पकडायची पद्धत बसवण्यात माझी सहा वर्षं गेली."

योगिनी डोळे पुसायची थांबली. "मग तुम्हाला भ्या नाही वाटलं?"

"मला नाही वाटलं. लोकांना वाटलं. स्थळं यायची आणि मी कुठे काम करते ते कळलं की परत जायची. हिला मूल धड होईल का, असं आईच्या तोंडावर विचारायचे. कामाबद्दल घरी काही बोलायचं नाही, असा तिथला नियम होता. आईला वाटायचं, मी मुद्दामच काही सांगत नाही. तशीच गेली ती."

मग बाई रोज दुपारी तीनला येऊ लागल्या. योगिनी अबोलीच्या खोड्या सांगे, गावाकडचं सांगे. बाई तिला रोज शरीरात किती औषध उरलं असेल ते समजावून सांगत. त्या आकड्यांनी योगिनीला धीर येई. खालच्या बायकांना गाठून बाईंनी समजावून पाहिलं, पण त्यांनी नुसत्या माना डोलावल्या.

अकराव्या दिवशी अबोली आली. जिन्यापासूनच तिच्या हाका ऐकू येत होत्या. वासंतीबाई आपल्या दारात उभ्या राहिल्या. योगिनी धावत बाहेर आली, लेकीला उचलून छातीशी धरलं, आणि दोघी रडत-हसत आत गेल्या. दार लागलं. त्या गडबडीत तिचं बाईंकडे लक्षही गेलं नाही. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. पण दुपारचे तीन वाजले, तेव्हा काय करावं ते त्यांना सुचेना.

पुढे योगिनी कामाला लागली. कधी जिन्यात भेटली तर "आजी, येते हां निवांत," म्हणायची. तिला निवांतपणा मिळत नव्हता, हे बाईंना दिसत होतं.

सहा महिन्यांनी समाधान कंपनीच्या बसकडे पळता पळता थांबला. "म्याडम, काल रिपोर्ट आला. कॅन्सरचं काहीच राहिलं नाही म्हणले डॉक्टर!"

"बरं झालं. फार बरं झालं," बाई म्हणाल्या.

तो गेला. इतक्या वर्षांत त्यांनी औषध मोजून बाटलीत भरून पाठवलं होतं, पण बरं झालेलं माणूस कधी पाहिलं नव्हतं. घरात येऊन त्यांनी फोन हातात घेतला. जुन्या प्रयोगशाळेतली नावं एकेक करून आठवली. हे सांगावं असं त्यांतलं आता कुणी उरलं नव्हतं. फोन खाली ठेवून त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.