सुताराची टकटक

बोटाच्या पेरानं टकटक केल्याशिवाय तिच्या बाबांना जगातलं काहीच पटत नसे. दार असो की कलिंगड, वाजवायचं, कानोसा घ्यायचा आणि निकाल द्यायचा: भरीव किंवा पोकळ. सगळा जन्म सुतारकामात गेलेला. तिला बघायला आलेली मुलंही त्यांनी याच दोन शब्दांत निकालात काढली होती, आणि आजवर एकही भरीव निघाला नव्हता.

त्यामुळे स्वतः पसंत केलेला मुलगा दाखवायला ती बाबांना घेऊन आली, तेव्हा ती धास्तावलेलीच होती. दगड झालेल्या झाडांचं हे रान राखणं हीच त्या मुलाची नोकरी. फाटकाशी तो "या काका" म्हणाला आणि लगेच कामाला लागला.

"एवढंच बोलतो?" बाबांनी विचारलं.

"ड्युटीवर आहे ना, बाबा."

पायवाटेच्या दोन्ही कडांना दोरी आणि दोरीपलीकडे आडवे पडलेले ओंडके. साल, गाठी, सगळं जसंच्या तसं, पण दगडाचं. बाबा हरखलेच. "ह्याला रंधा लावला तर रंध्याचाच भुगा होईल गं!" ती हसली, जरा सैलावली, तेवढ्यात बाबा दोरी ओलांडून पलीकडे गेलेसुद्धा. टक टक.

शिटी वाजली. वाटेवरचे सगळे पर्यटक वळून बघायला लागले. मुलगा धावत आला, कान लालबुंद झालेले.

"काका, अलीकडे या. हात लावायचा नाही."

"अरे, मी कोण आहे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर शिटी हळू वाजवली." त्यानं दोरी वर उचलून धरली. "एवढी युगं टिकलंय हे, काका. माझ्या पाळीत झिजायला नको."

बाबा गुपचूप अलीकडे आले. झालं, सगळं मुसळ केरात! तिला त्याचा भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर तेवढाच अभिमानही वाटला.

वाट संपली तिथे एक लाकडी बाक होता. बाबांनी तो वाजवला, "पोकळ," म्हणाले आणि उभेच राहिले. मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला.

"काका, मघाशी मी..."

बाबांनी त्याला बोलूच दिलं नाही. पेरानं त्याच्या छातीवर टकटक केली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.

"भरीव आहे गं," बाबा म्हणाले. "फक्त घरी येताना शिटी आणू नकोस म्हणावं."